लॅपटॉप बंद करणे

लॅपटॉप बंद करणे : काम थांबवल्यावर लॅपटॉपचा वीजवापर कमी करण्याच्या किंवा पूर्णपणे थांबवण्याच्या क्रियेला बोलताना हे एकच नाव दिले जात असले, तरी विंडोज प्रणालीत स्लीप, हायबरनेट आणि शटडाउन या तीन निरनिराळ्या अवस्था आहेत. अशा अवस्थांची सामाईक व्याख्या इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी डिसेंबर १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या मानकात आढळते.

स्लीपमध्ये उघड्या फायली रॅममध्येच, म्हणजे लॅपटॉपच्या तात्पुरत्या स्मृतीतच राहतात. रॅममधील माहिती वीज मिळेपर्यंतच टिकते आणि तीही काही मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हापुन्हा ताजी करावी लागते. म्हणून झाकण मिटलेल्या लॅपटॉपची बॅटरी हळूहळू उतरत राहते. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत स्लीप फोनसारखी अर्धजागी असते आणि बॅगेत ठेवलेला लॅपटॉप कधीकधी गरम निघतो, तो त्यामुळेच. जेवणाच्या सुट्टीपुरती स्लीप पुरते; प्रवासाला निघताना हायबरनेट अधिक योग्य. त्यात रॅममधील मजकूर सी ड्राइव्हवरील एका लपवलेल्या फाइलमध्ये लिहून वीज तोडली जाते आणि पुन्हा सुरू केल्यावर काम सोडले होते तिथूनच पुढे चालू होते. एवढा उपयोगी पर्याय बहुतेक लॅपटॉपांच्या मेनूत मुळात दिसतच नाही. तो कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून चालू करून घ्यावा लागतो.

खरा घोटाळा शटडाउनचा आहे. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप ही लॅपटॉप लवकर सुरू करण्याची सोय चालू असल्यास शटडाउन करताना वापरकर्त्याचे प्रोग्रॅम बंद होतात, परंतु प्रणालीचा गाभा आणि ड्रायव्हर (वाय-फाय, प्रिंटर यांसारखी उपकरणे चालवणारे प्रोग्रॅम) हायबरनेट केले जातात व पुढच्या वेळी तेच जसेच्या तसे उचलले जातात. रोज रात्री न चुकता शटडाउन करणाऱ्याने टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली ‘अप टाइम’, म्हणजे प्रणाली सलग चालू असल्याचा काळ, पाहिला, तर तिथे काही तासांऐवजी नऊ-दहा दिवसांचा आकडा दिसू शकतो. रीस्टार्टमध्ये मात्र गाभा नव्याने सुरू होतो. त्यामुळे वाय-फाय किंवा प्रिंटर अडून बसल्यास शटडाउन करून पुन्हा सुरू करण्यापेक्षा रीस्टार्टचाच गुण येतो, हे ऐकायला उलटे वाटले तरी खरे आहे. पूर्ण शटडाउन हवे असल्यास शिफ्ट कळ दाबून धरून शटडाउनवर क्लिक करावे. एकाच लॅपटॉपवर विंडोजबरोबर लिनक्स ही दुसरी प्रणालीही वापरणाऱ्यांनी फास्ट स्टार्टअप बंदच ठेवणे बरे, कारण अर्धवट झोपवलेल्या विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून सहसा लिहिता येत नाही.

पॉवर बटण काही सेकंद दाबून धरणे हा लॅपटॉप हँग झाल्यावरचा शेवटचा उपाय होय. एनटीएफएस ही फाइलव्यवस्था आपल्या बदलांची नोंदवही ठेवत असल्याने फायलींची मांडणी सहसा वाचते, पण सेव्ह न केलेला मजकूर जातोच. आणि अपडेट चालू असताना बटण दाबल्यास विंडोज पुन्हा सुरू न होण्याचाही धोका असतो.