कंबरेतून वाकणं आणि खुब्यातून वाकणं

दिवाळीच्या सुमारास धुळे-अमळनेर पट्ट्यात कापसाची वेचणी जोरात असते, आणि त्याच दिवसांत माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टकडे बायका एकच गाऱ्हाणं घेऊन येतात : "मनी कंबर दुखस." वाकता कशा, असं विचारलं की उत्तरही एकच. कंबरेत! घोळ इथंच आहे. 'कंबरेत वाकणं' या एका नावाखाली आपण दोन वेगळ्या हालचाली खपवतो.

पहिली कण्याची. कंबरेच्या भागात ५ मणके आणि त्यांच्यामध्ये गादीसारख्या चकत्या असतात. उभं असताना इथं आत वळलेली कमान दिसते. पाठ गोल करून वाकलं की ती कमान सपाट होते, चकतीची पुढची बाजू दाबली जाते, मागची ताणली जाते. सगळे मिळून हे मणके साधारण ५० अंश वाकतात.

दुसरी खुब्याची. खुबा परकराच्या नाडीपाशी नसतो. तो त्याच्या बराच खाली, जांघेच्या घडीआड असतो. मांडीच्या हाडाचा गोळा तिथं खोबणीत फिरतो. गुडघा दुमडलेला असेल तर हा सांधा १२० अंशांच्या आसपास वाकतो. या वाकण्यात ढुंगण मागं जातं, कण्याची कमान तशीच राहते आणि भार नितंबांचे आणि मांडीमागचे दणकट स्नायू उचलतात.

लांबून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, डोकं खाली गेलेलं. "पाठ सरळ ठेव" या सल्ल्यानंही गोंधळ वाढतो, कारण ऐकणारी व्यक्ती पाठ उभी ठेवायला जाते आणि सगळा भार गुडघ्यांवर घेते. सरळ पाठ आडवीसुद्धा असू शकते. किंवा टेकवलेल्या शिडीसारखी तिरकी, फक्त मधे वाकलेली नको.

कण्यातून वाकणं वाईट, असं मात्र मी कुणालाही सांगत नाही. पडलेली सुई उचलायला कणा वाकलाच पाहिजे, तो त्यासाठीच घडलाय. त्रास होतो तो त्याच स्थितीत तासन् तास राहिल्यानं. वेचणीत नेमकं तेच घडतं. खालची बोंडं गुडघ्याच्या उंचीवर, पोटाशी बांधलेली ओटी भरत जाऊन पुढं ओढते आणि पुढचं झाड दोन पावलांवर, म्हणून मधे कुणी ताठ उभंच राहत नाही. बराच वेळ ताणलेले कण्यामागचे अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडं बांधणारे पट्टे, सैल पडतात आणि पूर्ववत व्हायला वेळ घेतात. अशा वेळी लगेच कापसाचं गाठोडं उचललं की कंबर धरते. आधी उभं राहून दोन-चार मिनिटं चालावं, मग गाठोड्याला हात लावावा, एवढं मी हात जोडून सांगते.

पहाटे उठल्या उठल्या शेण काढायला वाकतानाही जपावं. रात्री पडून असताना चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी माणूस सेंटिमीटरभर उंच असतो तो त्यामुळंच, पण तेव्हा वाकताना चकतीवर ताणही जास्त येतो.

कळ पायात उतरत असेल, पाय बधिर होत असेल तर डॉक्टरांना दाखवावं. लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

फरक शिकवायला मी फावड्याचा दांडा वापरते. तो पाठीवर उभा धरायचा : डोक्याला, दोन खांद्यांच्या मधे आणि माकडहाडाला टेकलेला. गुडघे किंचित सैल. हाताची कड जांघेच्या घडीत दाबायची आणि ढुंगणानं मागचं दार लोटायचंय असं समजून वाकायचं. तिन्हीपैकी एक जागा सुटली की कणा वाकला.

परवा एक मावशी चार वेळा चुकल्या. दर वेळी दांडा माकडहाडापासून सुटायचा. पाचव्यांदा तो जागचा हलला नाही, आणि त्या मधेच थांबून मांडीच्या मागं हात लावत म्हणाल्या, "कंबर नही, आते मांड्या दुखतस."

मी म्हटलं, "आता बरोबर वाकलात."