चित्रात आधी जागा, मग माणसं: पुस्तक, कॅलेंडर, स्मरणिका आणि पोस्टरसाठी चित्रं करून घेणाऱ्यांना माहिती

कामाचा पहिला निरोप बहुतेक वेळा असा येतो: 'आजी आणि नात अंगणात बसल्या आहेत, मागे छान गोव्याचं वातावरण दाखवा.' आजी आणि नात लवकर जमतात. वेळ खातं ते मागचं वातावरण. अंगण सारवलेलं की फरशीचं? समोर तुळशीवृंदावन आहे की बाल्कांवातल्या, म्हणजे घरापुढच्या ओसरीतल्या, बाकावरून दिसणारा रस्ता? पाऊस लागला आहे की काजूचा मोसम चालू आहे? हे आधी ठरलं नाही तर माणसं पुढे उभी राहतात आणि जागा त्यांच्यामागे नाटकाच्या पडद्यासारखी लोंबते. म्हणून आम्ही काम जागेपासून सुरू करतो आणि आपल्याला आधी जागेचेच प्रश्न विचारतो. ते प्रश्न का विचारतो, ते इथे लिहिलं आहे.

कोण बघतंय आणि कुठून

प्रत्येक चित्रात एक क्षितिजरेषा असते, ती दिसो वा न दिसो. ती बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. त्या उंचीच्या वर असलेल्या वस्तूंचा खालचा भाग दिसतो, खाली असलेल्यांचा वरचा. नियम इतकाच आहे, पण घरातली दृश्यं सगळ्यात जास्त इथेच फसतात.

चवथीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची चौकट, बांधतानाचं दृश्य घेऊ. गोष्ट सहा वर्षांच्या मुलाची आहे, म्हणजे बघणारे डोळे जमिनीपासून साधारण 105 सेंटिमीटरवर. रेषा तिथे ओढली की ती उभ्या मोठ्या माणसाच्या कमरेजवळून जाते. गणपतीचं टेबल अडीच फुटांचं, म्हणजे रेषेच्या खाली. त्याचा वरचा पृष्ठभाग अगदी अरुंद पट्टीसारखा दिसेल. माटोळी सात फुटांवर टांगलेली, म्हणजे रेषेच्या खूप वर. चौकटीची खालची बाजू दिसेल, तोरिंगांचे आणि चिबडाचे तळ दिसतील, सुपारीचे घोस अंगावर आल्यासारखे मोठे होतील. स्टुलावर चढलेल्या काकाचे पाय जवळ आणि ठळक, डोकं मात्र फळांमागे अर्धं झाकलेलं. मुलाला दिसणारी चवथ अशीच असते.

हेच दृश्य मोठ्या माणसाच्या नजरेतून, म्हणजे 150 सेंटिमीटरवरून काढलं तर टेबलावरची आरास पूर्ण उघडी होते आणि माटोळीची भव्यता कमी होते. दोन्ही बरोबर आहेत, पण गोष्ट कोणाची यावर निवड ठरते. चूक होते ती दोन्ही एकत्र केल्यावर: टेबल वरून पाहिलेलं आणि माटोळीही वरून पाहिलेली. असं चित्र बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण फळं छताला चिकटवल्यासारखी वाटतात. माणूस सपाट जमिनीवर कितीही लांब असो, त्याच उंचीच्या सगळ्या माणसांना क्षितिजरेषा एकाच जागी कापते. जत्रेच्या गर्दीचं रफ, म्हणजे कच्चं रेखाटन, आपल्याला पाठवू तेव्हा हे तपासून बघा.

उताराच्या रस्त्यांवर आणखी एक गुंता असतो. पणजीत फोंताइन्हासच्या चढावर घरांच्या खिडक्यांच्या आडव्या रेषा क्षितिजावरच्या बिंदूकडे जातात, पण चढत्या रस्त्याच्या कडा त्याच्या वरच्या बिंदूकडे. दोन्ही एकाच बिंदूला बांधले तर रस्ता सपाट होतो आणि घरं तिरकी भासतात.

महिना आणि तास सांगा

'सकाळी समुद्रातून उगवणारा सूर्य' ही मागणी वारंवार येते. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. समुद्रात सूर्य मावळतो, उगवतो तो सह्याद्रीच्या बाजूने. सकाळचंच दृश्य हवं असेल तर प्रकाश बघणाऱ्याच्या पाठीमागून येईल, पाणी चमकणार नाही, निळंकरडं राहील आणि माडांच्या सावल्या पाण्याकडे पडतील. तेही सुंदर दिसतं, फक्त वेगळं दिसतं.

सावल्यांचंही असंच. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या 10 तारखेच्या आसपास दुपारी साडेबाराच्या सुमारास गोव्यात सूर्य थेट डोक्यावर असतो. सावली पायाखाली गोळा होते, कौलांच्या पागोळीखाली काळा पट्टा पडतो. डिसेंबरच्या शेवटी त्याच वेळी सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो आणि माणसाची सावली त्याच्या उंचीच्या साधारण चार पंचमांश, उत्तरेकडे. नाताळच्या दुपारच्या चित्रात पायाखाली गोळा सावली असेल तर ते चित्र मे महिन्याचं झालं. चवथीला पुष्कळदा बाहेर पाऊस असतो. मग आत उन्हाची तिरीप नको, प्रकाश समईचा, आणि शिंपल्यांच्या खिडकीतून येणारा मऊ दुधी उजेड.

शेताचा रंग महिन्यावर ठरतो. जूनमध्ये चिखल, जुलैत लावणी, ऑगस्टमध्ये गर्द हिरवं, ऑक्टोबरात पिवळं. फेब्रुवारीत हिरवं शेत हवं असेल तर ती वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, जमीन असायला हवी. चिऱ्याची भिंत उन्हात विटकरी आणि पावसात गडद तांबडी-काळसर, वर शेवाळ. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणून जुलैच्या चित्रात भर समुद्रात ट्रॉलर नको. या गोष्टी गावच्या वाचकाला पहिल्या नजरेत दिसतात.

शब्दांची जागा चित्राआधी

मजकूर नंतर 'कुठेतरी बसवू' असं म्हटलं की तो माडांच्या झावळ्यांवर बसतो. झावळ्यांच्या मधूनमधून आकाश दिसतं, उजेड-अंधाराचे पट्टे पडतात आणि त्यावर काळी अक्षरंही वाचवत नाहीत, पांढरीही नाहीत. मजकुराला शांत जागा लागते: भिंत, वाळू, मोकळं आकाश, नदीचं संथ पाणी. मुलांच्या पुस्तकात 18 पॉइंटच्या अक्षराला देवनागरीच्या वरच्या-खालच्या मात्रांमुळे दोन ओळींत 28 पॉइंटचं अंतर द्यावं लागतं. त्या हिशोबाने 40 शब्दांना सुमारे 120 बाय 60 मिलिमीटर जागा जाते. अंतिम मजकूर आधी द्या असा आग्रह यासाठीच. ऐनवेळी 40 चे 90 शब्द झाले तर अख्खी मांडणी मोडते.

जोडपानावर मधली शिवण लक्षात ठेवावी लागते. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना किमान 12 मिलिमीटरमध्ये चेहरा, हात किंवा अक्षर ठेवत नाही. गोंदाची बांधणी असेल तर जास्तच. समुद्राची क्षितिजरेषा दोन्ही पानांवरून सरळ गेली तर त्यात सर्वात मोठा धोका असतो: बांधताना एक मिलिमीटर जरी सरकलं तरी समुद्राला पायरी पडते. तिथे आम्ही होडीचं शीड किंवा माडाचं खोड आणतो, नाहीतर क्षितिज धुक्यात विरघळवतो. आणखी एक: आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणून घरातून निघालेलं पात्र उजवीकडे जाताना पुढे गेल्यासारखं वाटतं आणि डावीकडे जाताना परतल्यासारखं.

आधी तीन छटा, मग रंग

कोकण-गोव्याच्या जुन्या देवळांतल्या कावी कामात पांढऱ्या चुन्यावर एकच तांबडा रंग असतो, तरी दुरून आकृती स्वच्छ वाचता येते. आम्हाला प्रत्येक चित्रात तीच स्वच्छता हवी असते. म्हणून पहिली रेखाटनं रंगाशिवाय, गडद, मध्यम आणि उजळ अशा तीनच छटांत करतो. त्यांतली एक चित्राचा मोठा भाग व्यापते, दुसरी त्याच्या निम्म्याने, आणि तिसरी अगदी थोडी, जिथे नजर आधी जायला हवी तिथे. तिन्ही सारख्याच प्रमाणात आल्या की नजर भटकत राहते.

चित्राची खोलीही छटांतूनच येते. पुढचा भाग गडद आणि तपशिलाचा, मधल्या भागात घटना, मागचा भाग फिका आणि निळसर, कारण दमट हवेत लांबचे डोंगर फिके होत जातात. पुढच्या भागात केळीचं पान किंवा बाल्कांवाचा खांब घेतला की चित्राला दार मिळतं. मात्र खांब चारही बाजूंनी नको, खिडकीतून चोरून पाहिल्यासारखं होतं. आपल्याला मिळालेलं रफ मोबाईलवर काळं-पांढरं करून दहा फुटांवरून बघा. मुख्य व्यक्ती दिसली नाही तर लगेच कळवा. त्या टप्प्यावर बदल तासाभरात होतो.

फोटो पाठवताना

मोबाईलची साधी लेन्स रुंद असते. जवळून घेतलेल्या फोटोत घराचा कोपरा फुगतो. चार पावलं मागे जाऊन दुप्पट झूमवर घ्या, मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर सरळ धरून. वर झुकवला तर देऊळ मागे कलंडतं. एका फोटोत दाराशी माणूस उभा असू द्या, त्यावरून आम्ही उंची मोजतो. मंगेशीच्या दीपस्तंभासारखी गोष्ट असेल तर मजले मोजता येतील असा फोटो हवा. तो सात मजल्यांचा आहे, सहा काढले तर भाविक पहिलं तिथेच बोट दाखवतात.

कामाचे टप्पे

मजकूर, जागा, महिना, वेळ आणि पानाचा आकार मिळाल्यावर एका दृश्याची सहा छोटी रेखाटनं पाठवतो. ए-4 च्या उभ्या पानांचं जोडपान असेल तर रेखाटन 85 बाय 60 मिलिमीटर, म्हणजे त्याच प्रमाणात. आपण एक निवडता, किंवा दोन रेखाटनांतून थोडं थोडं घ्यायला सांगता. मग पूर्ण आकाराचं रफ, त्यात दोनदा बदल शुल्काशिवाय. रंगाची लहान चाचणी, आणि शेवटी पक्कं चित्र. रंग भरल्यानंतर पात्राच्या कपड्याचा रंग बदलणं सोपं. नजरेची उंची बदलणं म्हणजे नवं चित्र, त्याचं शुल्क वेगळं. रफला होकार देण्याआधी घरातल्या एका लहान मुलाला ते दाखवा आणि 'इथे काय चाललंय' एवढंच विचारा.

छपाई

420 बाय 297 च्या जोडपानाला चारही बाजूंनी 3 मिलिमीटर ब्लीड (छापल्यावर कापली जाणारी जादा कड) धरून फाइल 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) सुमारे 5,031 बाय 3,579 पिक्सेलची होते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवली तर ती लहान होऊन बसते, म्हणून ईमेल किंवा ड्राइव्हची लिंक देतो. स्क्रीनवर दिसणारं भाताचं झगझगीत हिरवं आणि समुद्राचं निळं चार रंगांच्या छपाईत मंदावतं, ते आम्ही आधीच खाली आणून दाखवतो. अनकोटेड (लेप नसलेला) कागद शाई पितो आणि गडद भाग आणखी काळवंडतात. पावसाळी रात्रीचं दृश्य असेल तर कागद कोणता, हे छापखान्याला विचारून रंगाच्या चाचणीआधीच कळवा. पहिला छापील प्रूफ दिवसाउजेडी, दाराजवळ उभं राहून तपासा, ट्यूबलाइटखाली नको.