एका तावाची बातमी : १६४१चं आयरिश बंड आणि लंडनचे छापखाने

अल्स्टर, म्हणजे आयर्लंडचा उत्तरेकडचा प्रांत, पेटला २२ ऑक्टोबर १६४१च्या रात्री : तिथल्या कॅथलिकांनी इंग्लिश प्रॉटेस्टंट सत्तेविरुद्ध बंड केलं. लंडनच्या पार्लमेंटात ती बातमी वाचली गेली १ नोव्हेंबरला आणि पुढच्या काही दिवसांत ती शहराच्या रस्त्यांवर विकायला आली. कागदाचा एक ताव, दोनदा दुमडला की आठ पृष्ठं. जुळाऱ्यांनी रातोरात अक्षरांचे खिळे जुळवायचे, सकाळी ताव छापून काढायचे, फेरीवाल्या बायकांनी ओरडून विकायचे. किंमत साधारण एक पेनी. मथळे ठरलेले असत : आयर्लंडहून रक्तरंजित बातमी, खराखुरा वृत्तान्त, एका विश्वासू गृहस्थाचं पत्र.

युद्धाच्या छापील बातम्या युरोपला त्याआधी शंभर वर्षं ठाऊक होत्या. १६३१मध्ये माग्देबुर्ग शहराची राखरांगोळी झाली, तेव्हा जर्मन मुलखात तिच्यावर पत्रकांचा पाऊस पडला होता. इंग्लंडात मात्र घरच्या राजकारणाची बातमी छापणं हा गुन्हाच होता. १६२०च्या दशकात परदेशी युद्धांची बातमीपत्रं निघत. स्पेनच्या वकिलाने तक्रार केली म्हणून १६३२मध्ये तीही बंद झाली आणि १६३८ला पुन्हा सुरू झाली. लंडनमध्ये छापखाना चालवण्याची परवानगी जेमतेम वीस मालकांना होती. हे नियम ज्या न्यायालयाच्या धाकाने पाळले जात, ते स्टार चेंबर पार्लमेंटने जुलै १६४१मध्ये मोडीत काढलं. धाक संपला आणि चार महिन्यांच्या आत आयर्लंडची बातमी येऊन थडकली. हाती येईल ते छापील चिटोरं जपून ठेवणाऱ्या लंडनच्या एका पुस्तकविक्रेत्याच्या संग्रहात १६४२ या एका वर्षाची जवळजवळ दोन हजार छापील प्रकाशनं आहेत.

या सगळ्यात एका निर्णयाचं वजन इतिहासाच्या पुस्तकांत फार कमी दाखवलं जातं, असं मला वाटतं. तो निर्णय म्हणजे पार्लमेंटची मोठी तक्रारअर्जी छापून लोकांत वाटण्याचा. दोनशेहून जास्त कलमांची ही अर्जी म्हणजे पहिल्या चार्ल्स राजाच्या कारभारातल्या चुकांची जंत्री होती. २२ नोव्हेंबर १६४१च्या मध्यरात्रीनंतर ती मंजूर झाली, १५९ विरुद्ध १४८ मतांनी. पण सभागृहात हात तलवारींकडे गेले ते अर्जी मंजूर झाली म्हणून नव्हे. कुणीतरी ती छापायची सूचना केली, तेव्हा. राजाकडे गाऱ्हाणं नेणं ही जुनी रीत होती. राजाबद्दलचं गाऱ्हाणं राजाच्या प्रजेपुढे मांडणं हे कुणी केलं नव्हतं. एका सदस्याने भाषणात विचारलं, की आपण वरच्याकडे दाद मागायची सोडून खालच्यांना गोष्टी सांगत बसायचं का? त्या रात्री छपाई टळली. राजा स्कॉटलंडहून परत आला, वातावरण आणखी तापलं आणि १५ डिसेंबरला छपाईचा ठराव १३५ विरुद्ध ८३ मतांनी झाला.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत. बाजूची मतं २४ने घटली, विरोधातली ६५ने. जवळजवळ ९० सदस्य दुसऱ्या मतदानाला नव्हतेच. हा ठराव झाला तो आयर्लंडच्या सावटाखाली. त्या बंडाविरुद्ध सैन्य उभारायचं होतं. ते राजाच्या हाती द्यायचं की नाही, हा खरा प्रश्न होता. राजाच्या आसपासचे कॅथलिक सल्लागार देश विकायला निघाले आहेत, हे लोकांना पटवायला अर्जी होती आणि आयर्लंडहून येणारी प्रत्येक आठ-पानी चोपडी त्याचा पुरावा म्हणून वाचली जात होती. याच दिवसांत, २९ नोव्हेंबरला, पार्लमेंटच्या कामकाजाचं पहिलं छापील साप्ताहिक निघालं. इंग्लंडात देशातल्या बातम्यांची नियतकालिकं इथून सुरू झाली.

राजपक्षाला छापखान्याची ताकद उशिरा कळली. आयरिश बंडखोरांना देशद्रोही ठरवणारा राजाचा जाहीरनामा १ जानेवारी १६४२ला निघाला आणि त्याच्या प्रती काढल्या फक्त चाळीस. डब्लिनच्या अधिकाऱ्यांनी मागितल्याच तेवढ्या, किंबहुना त्याहून कमी, असा खुलासा पुढे झाला. तोवर चाळीस हा आकडाच आरोप होऊन बसला होता : राजाला बंडखोरांबद्दल आतून माया आहे, नाहीतर इतक्या थोड्या प्रती का? भरीला, बंडाच्या अल्स्टरमधल्या नेत्याने राजाच्या शिक्क्याचं आज्ञापत्र आपल्याकडे असल्याचं ४ नोव्हेंबरला जाहीर केलं होतं. ते बनावट होतं. लंडनमध्ये ते खरं मानणाऱ्यांची वाण नव्हती.

बनावट बातम्यांचा तर धंदाच झाला होता. १६४२च्या सुरुवातीला पार्लमेंटने एका पुस्तकविक्रेत्याला चौकशीला बोलावलं. आयर्लंडच्या विजयाच्या बातम्या आपण केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतल्या, दर नगाला अडीच शिलिंग दिले, असं त्याने कबूल केलं. 

म्हणून सगळंच खोटं होतं असं मात्र नाही, आणि हे ठामपणे सांगायला हवं. अल्स्टरमधल्या पोर्टडाउनच्या पुलावर नोव्हेंबर १६४१मध्ये शंभरेक प्रॉटेस्टंट बायका, मुलं, पुरुष नदीत ढकलले गेले, बुडाले. घरातून नेसत्या वस्त्रानिशी, काही ठिकाणी तेही काढून घेऊन, हाकललेली माणसं त्या हिवाळ्यात वाटेवर गारठून मेली. कॅथलिक गावांवर सूड उगवणाऱ्या सरकारी पलटणींनीही माणसं मारली. त्यांच्या कत्तली लंडनच्या चोपड्यांत विजय म्हणून छापल्या गेल्या. आजचे अभ्यासक अल्स्टरमध्ये प्रत्यक्ष मारल्या गेलेल्या प्रॉटेस्टंटांचा आकडा चार हजारांच्या आसपास धरतात, थंडी-उपासमारीचे बळी वेगळे. १६४६मध्ये लंडनला छापलेल्या एका ग्रंथाने हा आकडा तीन लाख केला. तेवढे प्रॉटेस्टंट तेव्हा अख्ख्या आयर्लंडमध्ये नव्हते. तरी तो ग्रंथ पुढची दीडशे-पावणेदोनशे वर्षं पुन्हापुन्हा छापला जात राहिला.

अशा बातम्यांवर जमिनीचे हिशेब उभे राहिले. मार्च १६४२च्या कायद्याने बंड मोडण्यासाठी पैसे गुंतवणाऱ्यांना आयर्लंडमधली २५ लाख एकर जमीन कबूल केली होती. बंडखोर हरण्याआधीच त्यांची शेतं लंडनमध्ये गहाण पडली होती. सप्टेंबर १६४९मध्ये पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याने आयर्लंडमधल्या द्रोहेडा शहरात कत्तल केली, तेव्हा निरपराधांच्या रक्ताने हात माखलेल्यांना देवाने दिलेली ही शिक्षा, असं त्याने पार्लमेंटला कळवलं. त्याचं पत्र छापून वाटलं गेलं. शहर लढवणाऱ्यांत इंग्लिश राजनिष्ठ सैनिकही होते आणि द्रोहेडा १६४१मध्ये बंडखोरांच्या हाती कधी गेलंच नव्हतं.

'बंडखोर' हा शब्द या काळात कुणाच्या अंगाला चिकटेल याचा नेम नव्हता. आयरिश कॅथलिकांनी किल्केनीला आपलं सरकार उभारलं, त्याच्या शिक्क्यावर देव, राजा आणि मायदेश असे तीन शब्द होते; आपण राजाचेच निष्ठावंत आहोत, हे त्यांनी स्वतःच्या छापखान्यातून सांगितलं. २२ ऑगस्ट १६४२ला नॉटिंगहॅमला युद्धाचं निशाण उभारून राजाने पार्लमेंटच्या फौजेला बंडखोर म्हटलं. ती फौज तर राजा आणि पार्लमेंट या दोघांसाठी लढत असल्याचं सांगत होती. लंडनमध्ये छापखाने कुणाच्या ताब्यात, यावर शब्दाचा अर्थ ठरत गेला. १६६०ला राजेशाही परत आली, तेव्हा छापखाने पुन्हा सरकारच्या ताब्यात गेले. १६६५ला सुरू झालेल्या सरकारी गॅझेटाने पुढच्या दशकात शिवाजी महाराजांनी मोगल फौजा हरवल्याची बातमी दिली, ती 'बंडखोर' हे बिरुद लावूनच. १८५७ला काय म्हणायचं यावर भांडणाऱ्या आपल्या घरांना हा पेच सांगायला नको.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात १६४१च्या साक्षीदारांच्या शपथपूर्वक दिलेल्या जबान्या आहेत, ३१ खंड, सुमारे आठ हजार. २०१०पासून त्या कुणालाही इंटरनेटवर वाचता येतात. त्यातल्या पुष्कळ ओळींवर शाईची काट आहे. या ओळी खोट्या ठरल्या म्हणून खोडल्या, असा तर्क जुन्या अभ्यासकांनी केला आणि त्यावर शंभर वर्षं वाद घातला. आता मानलं जातं ते वेगळं : यातल्या बऱ्याचशा काटा छापण्यासाठी मजकूर निवडताना मारलेल्या आहेत. हत्यांचे तपशील ठेवले गेले. काट बसली ती बऱ्याचदा गेलेल्या गायींवर, कापणी न झालेल्या पिकावर, घरातल्या भांड्याकुंड्यांवर आणि शेजाऱ्याकडे थकलेल्या उधारीवर.