सारा बर्नहार्ट पिओनीच्या कितीतरी पाकळ्या मुळात पाकळ्याच नव्हत्या

आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी मागच्या महिन्यात ऑनलाइन पिओनीचं, म्हणजे थंड हवेतल्या एका फुलझाडाचं, बी मागवलं. पाकिटावर निळ्या, जांभळ्या, गुलाबी गुबगुबीत फुलांचे फोटो आणि खाली लिहिलेलं, ३० दिवसांत उगवण. पाकीट फोडून बघितलं तर आत बडीशेपेसारखं बारीक काहीतरी. मला वाईट वाटलं, कारण काकूंनी हौसेने कुंड्या भरून ठेवल्या होत्या. पिओनीचं बी वाटाण्याएवढं असतं, काळं चकचकीत. ते रुजायलाच बहुतेक वेळा दोन हिवाळे घेतं, आधी नुसतं मूळ काढतं, मग थंडी खातं आणि मग कुठे कोंब वर येतो, आणि त्या रोपाला फूल यायला पुढे आणखी चार-पाच वर्षं. निळी पिओनी तर जगात कुठेच नाही. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावंच, कारण या फुलाची खरी गोष्ट त्या पाकिटावरच्या फोटोंपेक्षा कितीतरी भारी आहे.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला असते. तिने घर घेतलं तेव्हा अंगणात आधीच्या मालकांनी लावलेलं पिओनीचं एक जुनं झुडूप होतं, कंबरेच्या थोडं वर, आणि मी जूनमध्ये गेले तेव्हा ते नेमकं फुलात होतं. फिकट गुलाबी, कडेला चंदेरी झाक, एकेक फूल पसरलेल्या पंजाएवढं, आणि इतक्या पाकळ्या की मोजता मोजता मी सोडून दिलं. जातीचं नाव सारा बर्नहार्ट. त्याच गावात विद्यापीठाच्या निकोल्स आर्बोरेटममध्ये १९२२ पासूनची पिओनीची बाग आहे, शेकडो जुन्या जाती, बहर भरात असताना एका वेळी १० हजारांच्या आसपास फुलं. आम्ही दोघी तिथे दोनदा जाऊन आलो आणि दुसऱ्यांदा मी फुलं बघण्याऐवजी फुलांच्या आत बघत बसले.

कारण झालं असं की बहिणीच्या अंगणातलं एक सुकत आलेलं फूल मी सहज उलगडत होते, बाहेरच्या पाकळ्या रुंद, मग आत आत जाल तशा अरुंद, चुरगळलेल्या, आणि अगदी आतल्या दोन-तीन पाकळ्यांच्या कडेला पिवळी रेघ. नखाने खरवडली तर बोटाला किंचित पिवळं लागलं. परागकण! पाकळीला परागकण कुठून आले? तर ती पाकळी नव्हतीच. तो पुंकेसर होता, जो पाकळी व्हायला निघाला आणि पूर्ण झाला नाही.

हे बघायला मिशिगनला जायची गरज नाही. आपल्याकडची डबल जास्वंद घ्या. साध्या जास्वंदीला पाच पाकळ्या आणि मधोमध तो लांब दांडा, त्यावर पिवळे ठिपके म्हणजे परागकोश. डबल जास्वंदीत त्याच दांड्यावरून पाकळ्या फुटलेल्या दिसतात आणि एखाद्या छोट्या पाकळीच्या टोकाला परागकोश तसाच चिकटून राहिलेला असतो. डबल तगर, डबल कण्हेर, बटमोगरा, देशी गुलाब, जिथे जिथे आपण "भरगच्च" फूल म्हणतो तिथे बहुतेक वेळा आतले अवयव आपलं मूळ काम सोडून पाकळ्या झालेले असतात.

आता यामागचं गणित सांगते, मला यातलं सगळ्यात आवडतं तेच आहे, थोडं हळू वाचा. शाळेत शिकलोय की फुलात बाहेरून आत चार मंडलं असतात: निदलपुंज, म्हणजे कळीला झाकणारी हिरवी पानं, मग दलपुंज म्हणजे पाकळ्या, मग पुमंग म्हणजे पुंकेसर आणि मधोमध जायांग म्हणजे स्त्रीकेसर. कळी सुईच्या टोकाएवढी असते तेव्हा तिथल्या सगळ्या पेशी सारख्याच असतात. मग कुठल्या पेशीने पाकळी व्हायचं आणि कुठल्या पेशीने पुंकेसर, हे ठरतं कसं? १९९१ साली एन्रिको कोएन आणि इलियट मायरोवित्झ या दोघांनी याचं उत्तर मांडलं, मोहरीच्या कुळातलं एक तण, अरॅबिडॉप्सिस, आणि बागेतलं स्नॅपड्रॅगन यांच्यातली बिघडलेली फुलं अभ्यासून. त्याला एबीसी मॉडेल म्हणतात. तीन प्रकारची जनुकं धरा, ए, बी आणि सी. नुसतं ए चालू असेल तिथे निदल. ए आणि बी दोन्ही असतील तिथे पाकळी. बी आणि सी असतील तिथे पुंकेसर. नुसतं सी असेल तिथे स्त्रीकेसर. बस, एवढंच. तीन स्विच आणि त्यातून अख्खं फूल.

खरी गंमत पुढे आहे. ए आणि सी एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत, जिथे सी आहे तिथे ए दबतं आणि सी गेलं की ए लगेच ती जागा घेतं. म्हणजे सी बंद पडलं तर तिसऱ्या मंडलात, जिथे बी आणि सी मिळून पुंकेसर व्हायचा, तिथे आता बी आणि ए. बी आणि ए म्हणजे काय? पाकळी! आणि सीकडे दुसरंही एक काम असतं, "आता फूल पुरे झालं, थांबा" असं सांगायचं. सी नसेल तर कुणी थांबवतच नाही, मधोमध स्त्रीकेसराच्या जागी परत निदल, परत पाकळ्या, परत पाकळ्या, फुलात फूल. अरॅबिडॉप्सिसमध्ये या सी जनुकाचं नाव अगॅमस आहे, ते बिघडलेलं रोप बघितलं तर चिमुकला पांढरा डबल मोगराच वाटतो. ही जनुकं ज्या प्रथिनांचा नुसखा देतात ती बहुतेक मॅड्स-बॉक्स नावाच्या घराण्यातली, आणि ती एकेकटी काम करत नाहीत, चार-चारची टोळी करून डीएनएवर दोन ठिकाणी धरून बसतात आणि टोळीत कोण कोण आहे त्यावर पुढची शेकडो जनुकं चालू की बंद ते ठरतं. सी गेलं म्हणजे टोळीतला एक गडी बदलला आणि सगळी फौज दुसऱ्या कामाला लागली.

बागेतल्या फुलांत मात्र सी पूर्ण मेलेलं असतंच असं नाही. गुलाबावर २०१० मध्ये छापून आलेल्या कामात दिसलं की सीचा इलाका फक्त आत सरकलेला असतो. हद्दीचा दगड थोडा आत रोवला की बाहेरच्या पुंकेसरांच्या पाकळ्या होतात आणि अगदी मधले पुंकेसर तसेच राहतात. आणि चीनमधल्या गुलाबांत व पश्चिमेकडच्या गुलाबांत माणसांनी वेगवेगळं निवडूनही दोन्हीकडे हाच बदल निवडला गेला होता. हे वाचलं तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठून फेऱ्या मारल्या.

पिओनीत हा प्रवास पायरीपायरीने डोळ्यांनी बघता येतो, म्हणून ती माझी लाडकी. बागवान तिचे प्रकारच तसे पाडतात. सिंगलमध्ये एक-दोन ओळी पाकळ्या आणि मधे पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. जपानी प्रकारात पुंकेसर जाडसर, चपटे, पराग जवळजवळ नाहीच. अ‍ॅनिमोन प्रकारात त्यांच्या बारीक पट्ट्या झालेल्या. बॉम्ब प्रकारात मधे पाकळ्यांचा अख्खा गोळा. आणि फुल डबलमध्ये, म्हणजे आपल्या साराबाईंमध्ये, बाहेरचं आणि आतलं वेगळं ओळखूच येत नाही. १७९० साली जर्मन कवी ग्योथेने लिहून ठेवलं होतं की फुलाचे अवयव एकमेकांत बदलू शकतात, डबल फुलांचा दाखलाही त्याने दिला होता. जनुकं कळायला त्यानंतर २०० वर्षं गेली.

पण पुंकेसरांच्या पाकळ्या झाल्या म्हणजे पराग कमी, पराग कमी म्हणजे बी कमी, आणि जे बी होईल ते आईसारखं निघेलच असं नाही. हापूसची कोय लावून हापूस येत नाही तसंच. म्हणून हापूस कलमाने वाढतो आणि पिओनी गड्डा फोडून. सारा बर्नहार्ट ही जात फ्रान्समधल्या नॅन्सी गावच्या व्हिक्टर लेमोइन यांनी १९०६ मध्ये आणली, तेव्हाच्या प्रख्यात नाट्यअभिनेत्रीचं नाव देऊन. लेमोइन तेव्हा ऐंशी पार केलेले. याच माणसाने आधी डबल लायलॅक (सुवासिक फुलांचं एक झुडूप) तयार केले होते, आणि तिथेही हीच अडचण होती, त्यांच्याकडच्या डबल लायलॅकच्या फुलात पुंकेसरच नव्हते, होता तो एवढासा वेडावाकडा स्त्रीकेसर. लेमोइनची नजर अधू झालेली, म्हणून त्यांच्या बायको मारी लुईझ शिडीवर चढून एकेका इवल्या फुलात दुसऱ्या झाडाचा पराग हाताने ठेवायच्या. १८७० चं ते साल, गावात जर्मन सैन्य येऊन बसलेलं. मला या बाईंचं फार कौतुक वाटतं, नाव मात्र बहुतेक ठिकाणी नवऱ्याचंच येतं.

थोडक्यात, आज जगात जिथे जिथे खरी सारा बर्नहार्ट आहे ती नॅन्सीतल्या त्या एकाच रोपाचा तुकडा आहे. बहिणीच्या अंगणातलीसुद्धा. तिचं बी पाकिटात मिळूच शकत नाही.

पिओनीबद्दल भाकडकथा भरपूर. एक अजून ऐकू येते की कळीवर मुंग्या चढल्याशिवाय फूल उमलत नाही. कळीच्या हिरव्या पानांच्या कडेला गोड रस सुटतो, मुंग्या तो चाटायला येतात आणि बदल्यात इतर किड्यांना हुसकावतात. बहिणीने एका फांदीवरच्या मुंग्या रोज पाण्याने धुतल्या, फुलं बाकीच्यांबरोबरच उमलली. ग्रीक लोक तर म्हणायचे की पिओनी रात्रीच खणावी, दिवसा फळं तोडताना सुतारपक्ष्याने बघितलं तर तोडणाऱ्याचे डोळे जातात. थिओफ्रास्टस या ग्रीक वनस्पतितज्ज्ञाने तेव्हाच, म्हणजे २३०० वर्षांपूर्वी, ही ओढूनताणून केलेली गोष्ट आहे असं लिहून ठेवलंय. तरी पुढे कित्येक शतकं फेफरं येणाऱ्या मुलांच्या गळ्यात तिचं मूळ बांधत राहिले. फेफरं आलं की डॉक्टरकडेच जायचं, मुळी आणि ताईत नाही, हे आपल्याकडे अजून सांगावं लागतं.

पुण्यात ही का होत नाही तेही सांगते. जमिनीखालच्या डोळ्यांना, म्हणजे गड्ड्यावरच्या कोंबांना, जवळपास दोन महिने दोन ते चार अंशाच्या आसपासची थंडी लागते, त्याशिवाय ते जागेच होत नाहीत. आपल्या डिसेंबरच्या रात्री तिच्यासाठी उबदारच. फ्रिजमध्ये गड्डा ठेवून एखाद वर्षी जमवता येईलही, पण दरवर्षी कोण करणार, आणि वर आपला उन्हाळा. भारतात पिओनी बघायचीच असेल तर काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या डोंगरात रानटी पांढरी हिमालयी पिओनी फुलते, सिंगल, मधे पिवळा झुबका. फुलाचा मूळ आराखडा तिच्यात स्वच्छ दिसतो. काकूंना मी डबल जास्वंदीची फांदी आणून दिली, ती त्या कुंडीत रुजलीय.

बहिणीच्या सारेचं एक दुखणं होतं, पाऊस पडला की एवढ्या पाकळ्यांत पाणी भरून फुलं जमिनीला टेकायची, त्यावर तारेचं कडं लावून भागलं. दुसरं म्हणजे शेजारच्या मेपलची सावली वाढत चाललेली. म्हणून सप्टेंबरमध्ये तिने झुडूप उकरलं, मी इकडून व्हिडिओ कॉलवर. रताळ्यासारखी जाडजूड मुळं आणि वर हळदीच्या गड्ड्यासारखे लालसर गुलाबी डोळे. "ताई, किती डोळे ठेवू?" "तीन ते पाच." तिने चाकूने चार तुकडे केले आणि डोळ्यांवर जेमतेम दोन इंच माती येईल असे उन्हात लावले, कारण खोल गेले तर नुसती पानं येतात आणि वर्षानुवर्षं फूल नाही. दोन तुकडे तिच्या अंगणात, एक समोरच्या घरी, आणि एक आमच्या ओळखीतल्या सोलापूरच्या कुटुंबाला, ते तिथून तासाभरावर राहतात. फुलं यायला दोन-तीन वर्षं लागतील असं तिने त्यांना सांगून ठेवलंय.