आयव्ही, दुरंगी पानांची

ॲरॅलिएसी कुलातील सदाहरित वेल; शास्त्रीय नाव हेडेरा हेलिक्स. मूळची युरोप व पश्चिम आशियातील. हिमालयात रानोमाळ वाढणारी हेडेरा नेपालेन्सिस ही हिची सख्खी बहीण, तर आपल्याकडच्या घरांतला शेफ्लेरा त्याच कुळातला दूरचा नातलग. खोडाला फुटणाऱ्या बारीक मुळांनी भिंतीला किंवा झाडाला चिकटून ती वर चढते. कोवळ्या वेलीची पाने तीन ते पाच खंडांची असतात. उंचावर, उन्हात पोचलेल्या फांद्यांची पाने मात्र अखंड होतात आणि फुलेही त्यांनाच येतात. कुंडीतल्या वेलीला सहसा हे प्रौढपण येत नाही.

पानावरचा पांढरा वा पिवळसर भाग म्हणजे हरितद्रव्य नसलेल्या पेशी. बहुतेक वाणांत पानाचे काही पेशीथर हिरवे, काही रंगहीन असतात. थरांची ही मांडणी बियांतून उतरत नाही, म्हणून दुरंगी वेलीची अभिवृद्धी बियांपासून न करता छाट कलमाने करतात. ‘ग्लेशियर’ या वाणाचे करडे-हिरवे पान कडेला दुधाळ असते, ‘गोल्डहार्ट’मध्ये उलट, पिवळा ठिपका मध्यावर आणि कड हिरवी. मोठ्या पानांची हौस असेल तर हेडेरा कोल्किका या दुसऱ्या जातीचा ‘डेंटाटा व्हेरिएगाटा’ हा वाण पाहावा.

या वेलीचे सगळे नखरे त्या पांढऱ्या भागातून येतात. अन्न बनवायला हिरवा भाग कमी, म्हणून वाढ सावकाश आणि उजेडाची गरज हिरव्या आयव्हीपेक्षा जास्त. अंधाऱ्या कोपऱ्यात नवी पाने हिरवी पडू लागतात. भर दुपारच्या उन्हात पांढऱ्या कडा करपतात. खिडकीजवळचा, पण थेट ऊन न येणारा उजेड तिला मानवतो. मनीप्लँटसारखे दुर्लक्ष मात्र ती सोसत नाही. मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. कुंडीखालच्या बशीत ते साचले की मुळे कुजतात.

खरा शत्रू कोरडी उष्ण हवा. महाबळेश्वरला जी वेल सुखाने वाढेल, ती विदर्भाच्या एप्रिलमध्ये बंद खोलीतही कोमेजते. अशा हवेत लाल कोळी ही पानातला रस शोषणारी बारीक कीड येते: पानावर सुईने टोचल्यासारखे फिकट ठिपके, आणि पान उलटले की देठाजवळ बारीक जाळी. ती दिसताच मातीवर हात ठेवून कुंडी तिरपी करावी आणि पानांची खालची बाजू नळाखाली धुवावी, आठवडाभराने पुन्हा.

नासाच्या 1989 च्या अहवालामुळे ‘हवा शुद्ध करणारी’ अशी हिची ख्याती झाली. ते प्रयोग हवाबंद पेटीतले होते. दारे-खिडक्या असलेल्या खोलीत एकदोन कुंड्यांनी फारसा फरक पडत नाही.

युरोपातील बागांत ती भिंतीवर चढवतात किंवा झाडांखाली जमिनीवर पसरवतात. मुळे भिंतीतून अन्न शोषत नाहीत, पण भेगा पडलेल्या जुन्या चुन्यात शिरून तो सुटा करतात. अमेरिकेच्या वायव्य भागात आयव्हीने जंगलेच व्यापल्याने तिथे ती उपद्रवी तण ठरली आहे. दुरंगी वाण त्या मानाने सौम्य. पण त्यांनाही कधी निव्वळ हिरवा फुटवा येतो. तो जोमाने वाढून बाकीच्या वेलीला झाकून टाकतो, म्हणून दिसताच बुडापासून छाटावा. छाटताना हातमोजे घालावेत, कारण रसातील फाल्कॅरिनॉल या रसायनामुळे काहींच्या त्वचेवर पुरळ उठते. पाने व फळे पोटात गेल्यास विषारी असतात.