पाणी उलट्या वाटेनं

हॉटेलातल्या एका खोलीतून रोज धुण्याला काय काय जातं? दोन चादरी, चार अभ्रे, मोठे-लहान टॉवेल, न्हाणीच्या दारातलं पायपुसणं. सगळं मिळून ४ किलो धरू. कांदोळीतल्या २०० खोल्यांच्या एखाद्या हॉटेलाचं रोजचं धुणं मग ८०० किलो झालं. ड्रमचं नेहमीचं मोठं मशीन किलोमागे १५ ते २० लिटर पाणी पितं. म्हणजे दिवसाला १२ ते १६ हजार लिटर, आणि तेही फक्त धुण्यासाठी. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गोव्यात या आकड्याची धास्ती जूनमध्ये कुणाला वाटणार नाही. मे महिन्यात विहिरी तळाला गेल्या आणि किनारपट्टीच्या अरुंद रस्त्यांवर टँकर फिरू लागले, की तोच आकडा बिलात दिसतो.

एवढं पाणी जातं कुठे? मळ सुटायला फार पाणी लागत नाही. सुटलेला मळ आणि साबण कापडातून बाहेर काढायला लागतं. ड्रमचं मशीन पाणी भरतं, घुसळतं, सोडून देतं, पुन्हा भरतं. शेवटच्या खंगाळण्याचं पाणी जवळजवळ स्वच्छच असतं, तरी ते गटारात जातं. त्याच वेळी शेजारच्या मशीनमध्ये मळक्या टॉवेलांचा नवा ढीग पडतो आणि त्याच्या पहिल्या भिजवणीसाठी नळाचं कोरं पाणी सोडलं जातं. त्या कामाला मघाचं गटारात गेलेलं पाणी सहज चाललं असतं.

व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, धुणं धुणाऱ्यांना ही गोष्ट शिकवावी लागत नाही. पिण्याचं पाणी वरच्या अंगाला भरायचं, त्याखाली आंघोळ, त्याखाली धुणं आणि अगदी खाली म्हशी. धुणाऱ्या बाया कपडे शेवटचे पाण्यातून काढताना दोन पावलं वर सरकतात. कापड वरच्या दिशेनं जातं, पाणी खालच्या दिशेनं येतं आणि दोघांची गाठ उलट्या वाटेनं पडते. मोठ्या लाँड्रीतलं ‘टनेल वॉशर’ नावाचं यंत्र याच रीतीवर चालतं.

टनेल म्हणजे आडवं ठेवलेलं दहा-पंधरा मीटर लांबीचं पोलादी नळकांडं. आत भिंती घालून दहा-बारा कप्पे केलेले. एका टोकाला ५० किलोची बॅच पडते. नळकांडं थोडा वेळ अर्धवट मागे-पुढे झुलतं, मग पूर्ण वळसा घेतं आणि प्रत्येक कप्प्यातलं कापड पुढच्या कप्प्यात सरकतं. काही यंत्रांत हे काम आतला मोठा स्क्रू करतो, काहींत खोऱ्यासारखं पातं कापड उचलून पुढे टाकतं. दुसऱ्या प्रकारात उचललेलं कापड क्षणभर निथळतं, त्यामुळे मागचं घाण पाणी कमी सोबत येतं. साधारण अडीच मिनिटांनी एक बॅच आत आणि एक बाहेर असा क्रम धरला, तर तासाला १२०० किलो. वरच्या हॉटेलाचं सगळं धुणं पाऊण तासात आत गेलेलं असेल. एकट्या हॉटेलाला असं यंत्र पोसवत नाही ते याचमुळे. ते परवडतं ते अनेक हॉटेलांचं काम घेणाऱ्या लाँड्रीला.

खरी करामत पाण्याची आहे. कोरं पाणी शेवटच्या कप्प्यात शिरतं आणि कप्प्या-कप्प्यानं मागे येतं. म्हणजे सगळ्यांत स्वच्छ कापडाला सगळ्यांत स्वच्छ पाणी. मळक्या कापडाला मिळतं ते पुढच्यांनी वापरून मागे पाठवलेलं. त्यानं कापड नीट स्वच्छ होईल का, अशी शंका कुणालाही यावी. तिचं निरसन करायला कागद-पेन्सिल पुरते.

एक किलो कापड निथळल्यावर त्यात २ लिटर पाणी राहतं असं धरू, आणि त्या पाण्यात लिटरमागे ३१ भाग मळ आहे असं समजू. आधी ड्रमचं मशीन. त्यात ४ लिटर कोरं पाणी ओतलं, घुसळलं, तर मळ ६ लिटरांत वाटला गेला आणि तीव्रता एक-तृतीयांश झाली. चार लिटर सोडून दिलं. असं तीनदा केलं की मळ मूळच्या १/२७ उरतो आणि पाणी लागतं १२ लिटर.

आता टनेलचे चार कप्पे घ्या. पाणी एकूण ४ लिटरच, पण शेवटच्या कप्प्यात शिरून मागे येणारं. यंत्र स्थिरावल्यावर चार कप्प्यांतला मळ लिटरमागे अनुक्रमे १५, ७, ३ आणि १ भाग असतो. पडताळून बघा. तिसऱ्या कप्प्यातून चौथ्यात कापड येतं २ लिटर पाणी घेऊन, प्रत्येकी ३ भाग, म्हणजे ६ भाग मळ. त्यात ४ लिटर कोरं पाणी मिसळलं की ६ लिटरांत ६ भाग, म्हणजे लिटरमागे १. तिसऱ्या कप्प्यात दुसऱ्यातून १४ भाग आले आणि चौथ्यातून मागे आलेल्या पाण्याबरोबर ४. झाले १८, भागिले ६, उत्तर ३. पहिल्या कप्प्यापर्यंत हिशेब असाच जुळत जातो. शेवटी मळ १/३१ उरला. ड्रमपेक्षा कापड थोडं अधिकच स्वच्छ, आणि पाणी एक-तृतीयांश.

पाणी वाचवायच्या बहुतेक युक्त्यांत कुठे तरी थोडी तडजोड असते. इथे ती दर्जात करावी लागत नाही, यंत्राच्या लांबीत आणि किमतीत करावी लागते. हीच युक्ती निसर्गानं माशाच्या कल्ल्यात वापरली आहे. बांगड्याच्या कल्ल्यातून पाणी एका दिशेनं वाहतं आणि रक्त उलट्या दिशेनं, म्हणून पाण्यातला जेमतेम प्राणवायूही त्याला पुरेसा ओढून घेता येतो.

आता याच गणितात एक आकडा बदलू. कापड पुढच्या कप्प्यात जाण्याआधी पिळलं आणि त्यात २ ऐवजी १ लिटरच पाणी राहिलं तर? तेच ४ लिटर पाणी, तेच चार कप्पे, पण मळाची तीव्रता उतरते ती थेट १/३४१ वर. पिळण्याला एवढी किंमत आहे. टनेलमधल्या चादरी बॅचच्या गठ्ठ्यानं जातात, त्यांना प्रत्येक कप्प्यानंतर पिळणं जमत नाही. ते जमतं कापड गिरणीत.

गिरणीच्या ब्लीचिंग खात्यात कापडाला सुरुवात आणि शेवट नसतोच म्हणायचा. ताग्याला तागा शिवून मैलोगणती लांब पट्टा करतात आणि तो उघडा पसरलेला, पूर्ण रुंदीनं, धुण्याच्या टाक्यांमधून धावतो. प्रत्येक टाकीत वर-खाली रोलरांच्या रांगा असतात आणि कापड त्यांच्यावरून चढत-उतरत जातं. टाकी संपली की दोन जड रोलरांमधून पिळलं जाऊनच पुढच्या टाकीत उतरतं. इथेही पाणी शेवटच्या टाकीत शिरून मागे येतं. सिंधुदुर्गातल्या कितीतरी घरांतल्या एका पिढीनं मुंबईच्या गिरण्यांत अशा यंत्रांपाशी पाळ्या केल्या आहेत.

या धुण्यात मळ हा शब्द तसा नावालाच. विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला खळ दिलेली असते, ती आधी एन्झाइमनं विरघळवून काढायची. कापसाचं नैसर्गिक मेण कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात सुटतं, रंग हायड्रोजन पेरॉक्साइडनं जातो. एकेकाळी युरोपात हेच काम कापड महिनोन्‌महिने गवतावर उन्हात पसरून आणि आंबट ताकात भिजवून करत. १७८५ मध्ये क्लोद बर्थोले या फ्रेंच रसायनज्ञानं क्लोरीननं कापड शुभ्र करता येतं हे दाखवलं, १७९९ मध्ये चार्ल्स टेनंटनं ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं आणि ती कुरणं मोकळी झाली. कापसाला चकाकी आणणाऱ्या मर्सरायझिंगमध्ये तर तीव्र कॉस्टिक वापरतात आणि नंतर ते धुऊन काढावं लागतं. उलट्या प्रवाहामुळे हे धुवणाचं पाणी फार पातळ होत नाही, म्हणून ते आटवून कॉस्टिक पुन्हा वापरता येतं. ढीगभर पाण्यात पातळ झालेलं कॉस्टिक आटवायला इंधनच परवडलं नसतं.

वरचं गणित एका बाबतीत भाबडं आहे. मळ पाण्यात लगेच सारखा पसरतो, असं त्यात गृहीत धरलं आहे. प्रत्यक्षात धाग्यांमधल्या मोकळ्या जागेतलं पाणी चटकन बदलतं, पण सुताच्या आत, तंतू-तंतूंच्या मधे पाणी वाहतच नाही. तिथून मळ किंवा कॉस्टिक बाहेर येतं ते कणाकणानं सरकत, विसरणानं. त्याला वेळ लागतो, आणि पाणी गरम असलं की तो वेळ कमी होतो. गिरणीतल्या टाक्या उकळीच्या जवळ ठेवतात त्या यासाठी. पिळणं, झुलणं, आपटणं यांनी सूत दाबलं-सुटलं जातं आणि आतलं पाणी थोडं बाहेर ढकललं जातं. धोपटण्याचं काम तेच.

हेन्केल या साबण-पावडरी बनवणाऱ्या जर्मन कंपनीतले हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुण्याची चार अंगं एका वर्तुळात मांडली: रसायन, यांत्रिक हालचाल, तापमान आणि वेळ. एक कमी केलं तर बाकीच्यांपैकी कुणी तरी वाढलं पाहिजे. लाँड्रीवाल्यांच्या प्रशिक्षणात हे वर्तुळ आजही शिकवतात. मला विचाराल तर पाण्याची दिशा हे पाचवं अंग त्यात बसवायला हवं.

दिशा बरोबर असूनही गोव्यात काही डाग हट्टी ठरतात. पहिला मान सनस्क्रीनचा. बऱ्याच सनस्क्रीनमध्ये अ‍ॅव्होबेन्झोन नावाचं रसायन असतं. पाण्यात लोह असेल तर त्याच्याशी जोडी जमवून ते टॉवेलवर नारिंगी-पिवळा, गंजासारखा डाग पाडतं. तो घालवायला क्लोरीनचं ब्लीच मारलं की डाग अधिक पक्का होतो. जांभ्या दगडाच्या या मुलखात लोहाला तोटा नाही. बोअरवेलमधून निघताना काचेसारखं दिसणारं पाणी हवेत उघडं राहिलं की तांबूस होतं, कारण विरघळलेलं लोह प्राणवायूशी मिळून गंज बनतं. कापडावर हा गंज असताना पेरॉक्साइड घातलं तर आणखी एक अपाय. लोहाच्या कणापाशी पेरॉक्साइड फार वेगानं फुटतं आणि नेमक्या त्याच जागी कापूस जळल्यासारखा विरतो. चादरीला टाचणीएवढी भोकं पडतात, आणि दोष मात्र इस्त्रीवाल्याला लागतो. म्हणून अशा पाण्यातलं लोह टनेलमध्ये शिरण्याआधीच गाळून काढावं लागतं. तांबड्या चिखलाचा किंवा गंजाचा डाग आलाच, तर ऑक्झॅलिक आम्ल कामी येतं. ते लोहाला धरून पाण्यात ओढतं.

टनेलचे शेवटचे कप्पे सौम्य आम्लासाठी असतात. धुण्याचं रसायन अल्कधर्मी असतं. त्याचा अंश राहिला तर गरम इस्त्रीखाली चादर पिवळी पडते. मधल्या कप्प्यांत पाणी तापवलेलं असतं. रुग्णालयाच्या कपड्यांसाठी ब्रिटनमधला नेहमीचा दंडक ७१ अंश सेल्सिअसवर किमान ३ मिनिटं असा आहे.

बाहेर पडलेल्या बॅचवर पाण्यानं फुगवलेला रबरी पडदा प्रचंड दाबानं बसतो आणि कापडाची एक गोल, घट्ट वडी बाहेर येते. इथे निघालेलं पाणी मागच्या कप्प्यांना परत जातं. हा दाब का, तर एक लिटर पाणी उष्णतेनं वाफ करून घालवायचं म्हणजे कमीत कमी ०.६३ युनिट ऊर्जा. दाबून काढायला त्याचा क्षुल्लक हिस्सा पुरतो. जुलैच्या गोव्यात, जिथे दोरीवरचा पंचा दोन दिवसांत वाळत नाही आणि कुबट वास धरतो, ड्रायरला सुटी नसते. त्यामुळे लाँड्रीच्या बिलात या दाबणाऱ्या प्रेसची कामगिरी पाण्याच्या बचतीइतकीच मोठी दिसते.

या यंत्राला लहरीपणा खपत नाही. लाल नॅपकिनांमागून पांढऱ्या चादरी पाठवायच्या तर मधे कप्पे रिकामे सोडावे लागतात, कारण उलट येणारं पाणी नॅपकिनांचा रंग मागच्या चादरींपर्यंत नेईल. एका कप्प्यात काही अडकलं की सगळी रांग थांबते. रात्रभर कोमट पाणी आत राहिलं तर शेवटच्या, म्हणजे स्वच्छ मानल्या गेलेल्या कप्प्यांतच जंतू वाढतात. म्हणून सकाळी पहिली बॅच घालण्याआधी यंत्र स्वतः धुवावं लागतं. दहा खोल्यांच्या गेस्टहाउसनं याच्या वाटेला जाऊ नये. त्याला ड्रमचं मशीनच बरं, आणि त्यातही शेवटच्या खंगाळण्याचं पाणी टाकीत साठवून पुढच्या घाण्याच्या भिजवणीला वापरलं तर निम्मं काम झालं. त्यासाठी एक टाकी, एक पंप आणि दोन व्हॉल्व्ह पुरतात.

रेस्टॉरंटचे नॅपकिन मात्र कुठलीही शहाणी लाँड्री वेगळेच ठेवते. हुमणाची, म्हणजे माशांच्या कालवणाची, हळद अल्कधर्मी पाण्यात लालभडक होते, नवखा कामगार घाबरतो आणि आणखी साबण घालतो. आम्लाच्या पाण्यात ती परत पिवळी होते; उरलेला पिवळेपणा उन्हात आपोआप विटतो, कारण हळदीतलं कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. हंगामात असे नॅपकिन लाँड्रीच्या गच्चीवर वाळत घातलेले दिसतात. पावसाळ्यात ते पेरॉक्साइडच्या छोट्या मशीनमध्ये जातात.