स्टिल्टवर चढल्यावर कठडा कुठे जातो?

नाशिकमध्ये गंगापूर रोड, पाथर्डी फाटा, आडगाव अशा सगळ्या बाजूंना नव्या इमारती उठत आहेत. फ्लॅटचा ताबा मिळाला की बहुतेक घरांत पहिलं काम निघतं ते फॉल्स सीलिंगचं. छत नऊ-साडेनऊ फुटांवर आणि माणसाचा हात पोचतो जेमतेम सात फुटांपर्यंत. मधलं अंतर घोडी किंवा परांची भरून काढते. पण जिप्सम बोर्डांचे सांधे भरणं, पुट्टी ओढणं, घासकाम करणं ही कामं खोलीभर सरकत जाणारी असतात. दर तीन-चार फुटांवर खाली उतरून घोडी ढकलायची आणि पुन्हा चढायचं, यात अर्धा दिवस जातो. म्हणून आता काही कारागीर पायांना अॅल्युमिनियमच्या स्टिल्ट, म्हणजे उंची वाढवणारे जोडपाय, बांधून थेट छताखाली चालतात.

अशा पायांचा इतिहास मोठा आहे. बस्तरमधले मुरिया तरुण गेडीवर नाचतात. फ्रान्सच्या लांद भागातले मेंढपाळ दलदलीच्या माळावर स्टिल्टवरून कळप राखत. 1857 च्या कायद्यानं तिथे पाण्याचा निचरा आणि पाइनची लागवड सुरू झाली, माळ गेला आणि हळूहळू तो व्यवसायही संपला. याच भागातल्या सिल्व्हाँ दोर्नाँनं 1891 मध्ये पॅरिस ते मॉस्को हा प्रवास स्टिल्टवर केला. इंग्लंडच्या केंटमध्ये बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सच्या उंच वेलींसाठी तारांना दोऱ्या बांधणारे मजूर स्टिल्ट वापरत. आपल्या द्राक्षबागांना त्याची गरज पडत नाही, कारण मांडव हाताच्या टप्प्यात असतो. शिवाय ठिबकनं ओली झालेली माती स्टिल्टचं टोक गिळून टाकेल.

लांदच्या मेंढपाळांकडे एक लांब काठीही असायची. थांबायचं झालं की ती मागे टेकून तिच्यावर रेलायचं. स्टिल्टचे प्रकार समजून घ्यायला ही काठी फार उपयोगी आहे. टोकदार स्टिल्टवर उभ्या माणसाला जमिनीवर दोनच बिंदूंचा आधार असतो. दोन बिंदूंमधून एक रेषा तयार होते, क्षेत्र तयार होत नाही, आणि रेषेवर स्थिर उभं राहता येत नाही. लग्नाच्या स्वागताला किंवा मॉलमध्ये लांब झग्यातला उंच कलावंत सतत पावलं बदलत असतो ते याचमुळे. काठीचा तिसरा बिंदू आला की त्रिकोण तयार होतो आणि मेंढपाळ निवांत विणकाम करत बसू शकतो. उड्या मारायच्या स्प्रिंगच्या स्टिल्ट हा आणखी एक प्रकार. तो खेळासाठी ठीक, कामावर त्याला जागा नाही.

बांधकामाच्या स्टिल्टला खाली रुंद रबरी तळवा असतो. दोन दांड्यांची जोडणी समांतरभुज चौकोनासारखी हलते, त्यामुळे पाऊल पुढे-मागे झुकलं तरी पाय ठेवायची वरची पट्टी आणि खालचा तळवा एकमेकांना समांतर राहतात. हालचालीला स्प्रिंगचा ताण असतो. उंची कमीजास्त करता येते, आणि मोठ्या जोड्या 24 ते 40 इंचांपर्यंत जातात. या रचनेमुळे एका जागी उभं राहता येतं, पण जमिनीवर राहतो तितकं निर्धास्त नाही. किती फरक पडतो ते गणितात दिसतं.

170 सेंटिमीटर उंचीच्या माणसाचा गुरुत्वमध्य, म्हणजे शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं मानता येतं तो बिंदू, जमिनीपासून सुमारे 95 सेंटिमीटरवर असतो. घोट्यापासून पावलाचा पुढचा आधार 17 सेंटिमीटर धरला, तर तो साधारण 10 अंश पुढे झुकेपर्यंत तोल सावरता येतो. आता 70 सेंटिमीटरची स्टिल्ट बांधा. गुरुत्वमध्य 165 वर गेला. तळव्याचा पुढचा आधार 12 सेंटिमीटर धरला, तर सवलत उरते जेमतेम 4 अंशांची. तळहातावर पेन्सिलपेक्षा लांब काठी तोलणं सोपं, तसा उंच माणूस कलायला थोडा जास्त वेळ घेतो हे खरं. पण तेवढ्यात पटकन पाऊल टाकून सावरायची सोय नसते, कारण पायांना वजन बांधलेलं असतं. आणि आदळताना शरीरातली ऊर्जा पावणेदोन पट झालेली असते. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-सुरक्षा संशोधन संस्थेनं अनुभवी कारागिरांवर प्रयोग केले तेव्हाही उंचीबरोबर शरीराचा डोल वाढताना दिसला. म्हणून हात पोचेल तेवढीच उंची ठेवावी. नऊ फुटी छताला 60-70 सेंटिमीटर पुरतात.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती बाल्कनीची. कठडा 110 सेंटिमीटर उंच असेल, तर तो जमिनीवरच्या माणसाच्या गुरुत्वमध्याच्या वर येतो, म्हणून धडकला तरी माणूस अडतो. 70 सेंटिमीटरच्या स्टिल्टवर तोच कठडा पावलापासून फक्त 40 सेंटिमीटरवर, म्हणजे गुडघ्याच्याही खाली येतो. आता तो माणसाला अडवत नाही, उलटवून बाहेर टाकतो. खिडकीच्या कट्ट्याचं, जिन्याच्या मोकळ्या कडेचं, लिफ्टच्या उघड्या डक्टचंही तेच. अमेरिकेच्या बांधकाम नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की परांचीवर स्टिल्ट वापरायची असेल तर परांची मोठ्या क्षेत्रफळाची हवी आणि कठडा स्टिल्टच्या उंचीइतका वाढवायला हवा. बाल्कनीचं छत परांचीवरूनच करावं, असं माझं ठाम मत आहे.

बाकी धोका जमिनीवर असतो, आणि वरच्या माणसाला जमीन नीट दिसत नाही. नजर छताकडे, मान मागे. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर जिप्समची भुकटी सांडली की रबराची पकड जाते. एक्स्टेंशनची वायर, बोर्डाचे तुकडे, बाथरूमचा उंबरा, यातलं काहीही पुरतं. त्यामुळे खोली झाडून मोकळी करणं हे ठेकेदाराचं आणि खालच्या मदतनिसाचं काम आहे. ते न करता कारागिराच्या कौशल्यावर सोडून देणं मला अन्याय वाटतो. साडेबारा मिलिमीटरचा सहा बाय चारचा बोर्ड 18 किलोच्या आसपास भरतो. तो स्टिल्टवरून उचलू नये, तो घोडीवर दोघांनी लावायचा. पुट्टीचं घमेलं उंच टेबलावर ठेवावं, खाली वाकायची वेळच येऊ नये. पंख्याच्या आणि दिव्यांच्या लोंबत्या वायरी डोक्याच्या पातळीवर येतात आणि अॅल्युमिनियम वीजवाहक आहे, तेव्हा त्या खोलीचा मेन स्विच आधी बंद करावा.

चढायचं ते भिंतीला टेकवलेल्या भक्कम उंच बाकावर बसून. आधी पावलाचे पट्टे, मग पोटरीचा, आणि दोन्ही पायांची उंची सारखी आहे ना ते मोजून. चालताना गुडघे उचलून लहान पावलं टाकायची, मागे चालत जायचं नाही, वळायचं तर गोल फिरून. उतरायलाही तोच बाक लागतो, म्हणून दुपारच्या जेवणाआधी कुणी तो दुसऱ्या खोलीत नेला नाही ना, हे मदतनिसानं बघावं.